गाडीतील कंपनीचा रेडिओ काढून बाहेरचा सेट बसविताना

कंपनीकडून आलेला रेडिओ काढून बाजारातला सेट बसविण्याचे काम मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या वायरिंगवाल्या बांधवांकडे नेहमी येते. काम थोड्या वेळाचे आणि मजुरी रोख. पण गाडी गिऱ्हाईकाची असते, आणि वायर जळाली तर नाव आपल्या दुकानाचे जाते.

सर्वांत मोठी चूक होते ती वायरी तोडण्याची. गाडीचा मूळ कपलर कापून वायरी पिळून टेप गुंडाळली, की पुढे वायरिंगमध्ये काहीही बिघडले तरी कंपनीला वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. त्या गाडीचा जोड कपलर बाजारात मिळतो, तोच आणावा. त्याचे पैसे गिऱ्हाईकाला आधी सांगावेत. चार पैसे जास्त म्हणून तो कुरकुरेल, पण मूळ वायरिंग शाबूत राहील आणि गाडी विकताना जुना रेडिओ परत बसविता येईल.

बाहेरच्या सेटच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी कायम करंटची, लाल चावीच्या करंटची, काळी अर्थची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. काळी रेघ असलेली वायर त्या त्या स्पीकरची निगेटिव्ह. मात्र हे रंग सेटचे आहेत, गाडीचे नव्हेत. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा, तेथे मीटर लावूनच खात्री करावी. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या गाड्यांत तर कायम करंट आणि चावीचा करंट यांच्या पिना नेहमीच्या आयएसओ कपलरच्या उलट असतात. तसाच कपलर लावला तर चावी बंद होताच सेट घड्याळ आणि स्टेशने विसरतो, आणि गिऱ्हाईक सेट खराब म्हणून परत आणतो.

यावर काहीजण पिवळी आणि लाल एकत्र जोडून मोकळे होतात. मग सेट चावीने बंद होत नाही. आपल्याकडे आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने दारात उभ्या असतात. अशा गाडीची बॅटरी पार उतरून जाते.

जुन्या काही टेपमध्ये स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला अर्थ केलेली चालत असे. आजच्या सेटमध्ये तसे केल्यास आवाजाचा आयसी जळतो.

एफएम नीट लागत नाही ही तक्रार घाटात आणि खोऱ्यांत जास्त. दर वेळी दोष सेटचा नसतो. अनेक गाड्यांच्या एरियलमध्ये बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. सेटची निळी वायर त्याला जोडली नाही तर स्टेशन खरखरते. अमेरिकेहून नातेवाइकाने पाठविलेला सेट असेल तर त्यातील देशाची सेटिंगही बदलावी, कारण तेथे मध्यम लहरी १० किलोहर्ट्‌झच्या टप्प्याने धरल्या जातात आणि आपल्याकडे ९ च्या.

किनाऱ्यावर अर्थची काळजी वेगळीच. खाऱ्या हवेने तांबे हिरवे पडते आणि स्क्रू गंजतो. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर अर्थ घट्ट बसवावी आणि वर व्हॅसलीन लावावे.

खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेले असते. फ्यूज मात्र १० किंवा १५ अँपिअरचा. १४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १४० वॅट, तेही बॅटरीतून घेतलेले. मग २०० वॅट आवाज येणार कोठून? गिऱ्हाईकाला खरे सांगावे. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीच घालू नये. आग तेथूनच लागते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढावी. त्याआधी कंपनीच्या रेडिओला कोड आहे का ते विचारून घ्यावे. तो कोड बिलावर लिहून, काढलेला रेडिओ त्याच्या पट्ट्या व स्क्रूसह गिऱ्हाईकाच्या हवाली करावा.