शिकारी स्पॅनिएल घरी आणण्याआधी
ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या काही मराठी घरांच्या अनुभवांतून

नोकरीनिमित्त इंग्लंडात येऊन दोन-चार वर्षं झाली, भाड्याच्या फ्लॅटमधून बाग असलेल्या घरात बिऱ्हाड हललं, की मुलं कुत्र्यासाठी हट्ट धरतात. त्याच सुमारास गावाबाहेरच्या पायवाटेवर लांब कानांचं, शेपूट थरथरवत काटेरी झुडपात घुसणारं एक कुत्रं दिसतं. मालक शिट्टी वाजवतो आणि ते असेल तिथे खाली बसतं. मग ‘आपल्यालाही असंच हवं’ असं घरात एकमतानं ठरतं. ते कुत्रं बहुधा वर्किंग कॉकर नाहीतर स्प्रिंगर स्पॅनिएल असतं, आणि त्याला तसं बसवायला कुणीतरी दीड-दोन वर्षं घातलेली असतात. म्हणून जुन्या मंडळींचं सांगणं असं, की पिल्लू बघायला जाण्याआधी त्याच्या आईबापांची चौकशी करा, आणि त्याच्याही आधी आपल्या घराचं वेळापत्रक तपासा.

या कुत्र्याला रोज दोन तासांच्या आसपास बाहेर न्यावं लागतं. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, पाऊस तिरका येतो, तरीही. नवरा-बायको दोघं पूर्णवेळ ऑफिसात आणि मुलं शाळेत असतील तर दुसरी कुठलीतरी जात बघावी, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. काम न मिळालेला स्पॅनिएल आपलं काम स्वतः शोधतो. सोफ्याचा कापूस काढणं हे त्याच्या दृष्टीनं कामच असतं.

नाव एक, घराणी दोन

कॉकर आणि स्प्रिंगर या दोन्ही जातींत प्रदर्शनाचं आणि कामाचं अशी दोन वेगळी घराणी पडली आहेत. मार्चमध्ये बर्मिंगहॅमला क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात जे कॉकर रिंगणात दिसतात, ते भारदस्त, भरपूर केसांचे, जमिनीकडे झुकलेल्या कानांचे. जुलैअखेरीच्या गेम फेअरमध्ये (तो 1958 पासून भरतो) दिसणारे कॉकर त्यांचे चुलतभाऊ वाटणार नाहीत, इतके हलके, आखूड कानांचे आणि चळवळे असतात. जमल्यास दोन्हीकडे जाऊन या. वर्किंग कॉकर साधारण 11 ते 15 किलोचा, स्प्रिंगर त्याहून मोठा, 20 किलोच्या आसपास. दोघांच्या संकराला इथे स्प्रॉकर म्हणतात. त्यातले बरेच उत्तम निघतात, पण तिथेही आईबाप कामाचे होते का, हाच प्रश्न.

लातूर-सोलापूरकडच्या ज्यांच्या घरी कारवानी कुत्रे होते, त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. कारवानी नजरेवर धावतो आणि ससा पळून दमवतो. स्पॅनिएल नाकावर चालतो. त्यानं मालकापुढे वीसेक मीटरच्या आत, म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात, डावी-उजवीकडे झडती घ्यायची, पक्षी उठवायचा, उठला की स्वतः बसायचं, आणि हुकूम मिळाल्यावरच पडलेला पक्षी पिसं न चुरगळता आणून द्यायचा. पाठलाग हा इथे गुण नाही, दोष आहे. कुत्रे सोडून रानससा (हेअर) धरणं तर 2004 च्या हंटिंग अ‍ॅक्टनं इंग्लंड-वेल्समध्ये बंदच केलं आहे. पक्षी उठवून बंदुकीनं मारणं त्या कायद्यात येत नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला ‘शिकार’ हा शब्द उच्चारतानाही संकोच होतो. बंदूक हातात घ्यायचीच नसेल तरी चालतं. इथल्या मोठ्या शिकारींना हाकारे लागतात, आणि त्यांच्याबरोबर स्पॅनिएल हवेच असतात. हाकाऱ्याला बंदुकीचा परवाना लागत नाही. दिवसाचं थोडं मानधन मिळतं, आणि पुष्कळदा संध्याकाळी फेझंट पक्ष्यांची जोडीही. ज्यांच्या घरात मांस शिजत नाही त्यांच्यासाठी वर्किंग टेस्ट असतात. तिथे पक्ष्यांऐवजी कॅनव्हासच्या डमी वापरतात. कुत्र्याच्या नाकाला आणि डोक्याला त्यातही भरपूर काम मिळतं.

आईबापांची पत्रिका

आपल्याकडे स्थळ बघताना जेवढ्या चौकशा होतात, तेवढ्या इथे कराव्यात. वंशावळीच्या कागदावर फील्ड ट्रायल, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धा, जिंकलेल्यांची नावं लाल शाईत असतात. नवखा माणूस लाल नावं मोजतो आणि जास्त लाल तितकं चांगलं असं समजतो. पहिल्याच कुत्र्यासाठी आमचं मत उलट आहे. दोन्हीकडून विजेते असलेलं पिल्लू म्हणजे कसलेल्या हातासाठीचं इंजिन. त्याच्या वेगानं शिकवणाराच मागे पडतो. हंगामभर हाक्यात राबणारी, रात्री मुलांच्या पायाशी झोपणारी आई आणि शांत डोक्याचा बाप, असं स्थळ आलं तर लाल शाईवाचूनही होकार द्यावा.

रक्ततपासणीवर मात्र तडजोड नको. कॉकरमध्ये हळूहळू आंधळं करणारा पीआरए, आणि ऐन तरुणपणी मूत्रपिंडं निकामी करणारा एफएन हे दोन आजार मुख्य. स्प्रिंगरमध्ये मज्जासंस्थेचा फ्यूकोसिडोसिस आणि स्नायूंना दमवणारी पीएफके कमतरता. या सगळ्यांच्या जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. आईबापांपैकी एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल तर पिल्लाला आजार होत नाही. दोघंही वाहक असतील तर चारांत एक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता असते. ‘आमच्या व्हेटनं तपासलंय’ हे उत्तर पुरेसं नाही, चाचणीचे कागद मागा. नितंबाच्या सांध्याचे गुण आणि डोळ्यांचं प्रमाणपत्रही बघा. केनेल क्लबच्या वेबसाइटवर अशा बऱ्याच नोंदी फुकट पाहता येतात.

कायदाही ग्राहकाच्या बाजूनं आहे. 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडात लुसीज लॉ लागू झाला. पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या लुसी नावाच्या कॅव्हेलियर स्पॅनिएलवरून त्याचं नाव पडलं. त्यानुसार मधल्या दलालानं सहा महिन्यांखालचं पिल्लू विकणं बंद झालं. पिल्लू जिथे जन्मलं तिथेच, आईबरोबर बघायचं. आठ आठवड्यांच्या आत ते घरी आणता येत नाही, आणि विक्रीआधी चिप पैदासकाराच्या नावावर असली पाहिजे. मोटरवेवरच्या कारपार्कात भेटू म्हणणाऱ्याला फोनवरच नाही म्हणा.

शेपटीचा प्रश्न हमखास येतो. काट्यात राबणाऱ्या कुत्र्याची शेपटी रक्तबंबाळ होते, म्हणून कामाच्या स्पॅनिएलची शेपटी पहिल्या पाच दिवसांत व्हेटकडून कापायला इंग्लंडात मुभा आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते जपून ठेवा. स्कॉटलंडमध्ये ही मुभा 2017 ला आली, तीही टोकाच्या एक तृतीयांशापुरती.

पिल्लं बघायला जाल तेव्हा आईकडे जास्त बघा. परक्या माणसाला ती जवळ येऊ देते का? हाक मारल्यावर मालकाकडे वळते का? बाप बहुधा तिथे नसतो. तो कुठल्या शूटवर काम करतो ते विचारून एकदा बघून या. पिल्लांमध्ये अंगावर झेप घेणारं आणि कोपऱ्यात दडलेलं, ही दोन्ही टोकं सोडा. किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकून पुन्हा हुंगायला येणारं पिल्लू चांगलं. रंगावरून निवडू नका. सात आठवडे त्यांच्यात वावरलेल्या पैदासकारानं सुचवलेलं पिल्लू आपण तासाभरात निवडलेल्यापेक्षा सहसा बरं निघतं. आणि दोन भावंडं एकदम आणू नका, ती एकमेकांचंच ऐकतात.

मराठी घरातल्या अडचणी

हे इथल्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण सगळीकडे, आणि दोन्ही कुत्र्याला विषारी. त्याहून वाईट मनुका-बेदाणे. शिऱ्यातले, लाडवावरचे चार बेदाणेही मूत्रपिंडावर उठू शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, त्यामुळे पोटात गेले की लगेच व्हेटला फोन. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना हे पहिल्याच दिवशी सांगा. आजीला कुत्र्याची सोबत आवडते, पण टेबलाखालून भाजीत बुडवलेला पोळीचा तुकडाही सरकतो. आणि बर्फाळ फुटपाथवर स्प्रिंगरची दोरी आजोबांच्या हाती देऊ नका.

फटाके ही दुसरी अडचण. दिवाळी आणि 5 नोव्हेंबरची बॉनफायर नाइट इथे मागेपुढे येतात. एरवी रात्री अकराला फटाके थांबतात, दिवाळीत रात्री एकपर्यंत मुभा आहे. बंदुकीला बिचकणारा स्पॅनिएल हाक्याला निकामी, आणि ती भीती एकदा बसली की निघता निघत नाही. पहिल्या वर्षी त्या रात्री कुत्रं घरात, पडदे ओढून, रेडिओ लावून ठेवा. ‘सवय होईल’ म्हणून अंगणात नेऊ नका. बंदुकीचा आवाज त्याला नंतर, लांबून आणि हळूहळू, जाणत्या माणसाकडूनच ऐकवायचा.

तिसरं, भारताची वारी. कुत्र्याला बरोबर नेलंत तर परत आणणं सोपं नाही: रेबीजच्या लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त तपासावं लागतं, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. त्यामुळे तिकीट काढण्याआधी चांगलं केनेल किंवा कुत्र्याला ओळखणारं घर शोधा. काही मराठी कुटुंबं आळीपाळीनं एकमेकांचे कुत्रे सांभाळतात, ते सगळ्यांत उत्तम.

शिकवण्याबद्दल एवढंच. चेंडू फेकत बसू नका. त्यानं पळणाऱ्या वस्तूमागे धावायची चटक लागते, आणि पुढे तीच मोडावी लागते. दहा चेंडू फेकले तर आठ तुम्ही स्वतः उचला, कुत्र्यानं बसून बघावं. बोलावल्यावर येणं आणि शिट्टीवर बसणं हे दोन धडे पक्के होईपर्यंत त्याला मेंढ्यांच्या कुरणाजवळ मोकळं सोडू नका. खुल्या माळरानावर 1 मार्च ते 31 जुलै दोन मीटरच्या आतली दोरी कायद्यानंच बंधनकारक आहे, कारण तो पक्ष्यांचा जमिनीवर अंडी घालण्याचा काळ. उन्हाळ्यात फिरून आल्यावर कान आणि पंजे चाचपा. गवताचं कुसळ आत शिरलं तर ऑपरेशनचा खर्च इन्शुरन्स नसेल तर जड जातो.

हे सगळं वाचूनही मन ठाम असेल, तर पिल्लाची नावनोंदणी करण्याआधी एक काम करा. फेझंटचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. जवळच्या शूटवर विचारा आणि कुत्र्याशिवाय, नुसती काठी घेऊन, एक दिवस हाक्यात उभे राहा. बहुतेक ठिकाणी हाकारे कमीच पडतात, नवख्यालाही घेतात. गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट आणि जाड विजार हवी. रविवारी इथे शिकार होत नाही, म्हणून शनिवार मोकळा ठेवा.