दाईची गोष्ट आणि राजाची तलवार
('प्रिन्स कॅस्पियन' : कादंबरी आणि चित्रपट यांचा एक तौलनिक अभ्यास)

लहान मुलांच्या एखाद्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट निघून तो लोकप्रिय झाला की त्याच्या उत्तरभागाची मागणी होऊ लागते. पहिल्या भागात प्रेक्षकाला एका नव्या जगात न्यायचे असते. उत्तरभागात त्याला त्याच जगात परत आणायचे असते, आणि ते जग दरम्यान बदललेले असते. म्हणूनच उत्तरभागाचे रूपांतर हे अधिक कठीण काम आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एकाच उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार करणार आहोत.

ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९५० ते १९५६ या काळात 'नार्निया' या कल्पित देशाविषयी सात कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिलीवर २००५ मध्ये चित्रपट आला आणि जगभर त्याने सुमारे ७४ कोटी डॉलरचा व्यवसाय केला. १९५१ च्या 'प्रिन्स कॅस्पियन' या कादंबरीवरील उत्तरभाग २००८ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. दोन्हींचे दिग्दर्शक अँड्र्यू अॅडमसन हेच होते. लुईस यांच्या या कथांमागे त्यांची ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. येथे मात्र आम्ही त्यांच्याकडे कथा म्हणूनच पाहतो.

परतीची वाट

निवासी शाळेच्या वाचकांना ही कादंबरी पहिल्याच पानावर जवळची वाटेल. पीटर, सुसान, एडमंड आणि ल्यूसी ही चार भावंडे सुट्टी संपवून निवासी शाळांत निघाली आहेत. रेल्वे स्थानकावर सामान भोवती मांडून ती उदास बसली आहेत. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन गाडीची वाट पाहिलेल्या कोणाही माजी विद्यार्थ्याला ही उदासी सांगावी लागणार नाही.

तेथून ती अचानक नार्नियात खेचली जातात. पूर्वी तेथे ती राजे आणि राण्या होती. त्या गोष्टीला इंग्लंडमध्ये एकच वर्ष झाले आहे. नार्नियात मात्र शतके उलटून गेली आहेत. समोर एक ओसाड वाडा, माजलेली सफरचंदाची झाडे आणि जुनी विहीर आहे. बुद्धिबळातील सोन्याचा एक घोडा हाती लागतो आणि हळूहळू उमगते, की हे आपल्याच राजवाड्याचे अवशेष आहेत. त्या देशावर आता परक्या विजेत्यांचे, टेल्मारिनांचे, राज्य आहे.

चित्रपटाने काय बदलले?

कादंबरीची रचना चित्रपटकारांना अडचणीची होती. मुले नार्नियात पोहोचल्यावर ट्रम्पकिन नावाचा बुटका त्यांना राजपुत्र कॅस्पियनची हकिकत सांगू लागतो, आणि चौथ्यापासून सातव्यापर्यंत चार प्रकरणे त्या पूर्वकथेतच जातात. पडद्यावर मुख्य पात्रे एवढा वेळ दृष्टीआड ठेवणे अवघड असते. म्हणून चित्रपट थेट त्या रात्रीपासून सुरू होतो, जेव्हा चुलता मिराझ याला पुत्र होतो आणि जीव वाचवण्यासाठी कॅस्पियनला किल्ल्यातून पळावे लागते. त्यानंतर दोन्ही कथा समांतर चालतात. हा बदल आम्हांला योग्य वाटतो.

दुसरा बदल पीटरच्या स्वभावाचा आहे. चित्रपटातील स्थानक लंडनच्या भुयारी रेल्वेचे आहे आणि तेथे पीटर एका मुलाशी मारामारी करताना दिसतो. एकदा राजा झालेल्याला पुन्हा शाळकरी पोर होणे जड जाते, हे त्या एका प्रसंगात कळते. पुढे याच अहंकारातून तो मिराझच्या किल्ल्यावर रात्री हल्ला चढवतो. तो फसतो, आणि मागे अडकलेले अनेक साथी प्राणांस मुकतात. कादंबरीत हा हल्ला नाही. तरीही परत आलेल्या माणसाला जुना मान आपोआप मिळत नाही, हे सत्य त्यातून ठसते. सुसान आणि कॅस्पियन यांच्यातील प्रेमाचा धागा मात्र वरून जोडलेला वाटतो. तो काढून टाकला तरी कथेचे काही अडत नाही.

काय मागे राहिले?

आमचा खरा आक्षेप एका गाळलेल्या भागाविषयी आहे. कादंबरीतील कॅस्पियन हा आईबाप नसलेला, चुलत्याच्या घरी वाढणारा मुलगा आहे. त्याची दाई त्याला जुन्या नार्नियाच्या, बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी सांगते. हे कळताच मिराझ त्या गोष्टींना पोरकटपणा ठरवतो आणि दाईला हाकलून देतो. मुलाचा निरोप घेण्याचीही संधी तिला मिळत नाही. तिच्या जागी डॉक्टर कॉर्नेलियस हे शिक्षक येतात. ते एका रात्री कॅस्पियनला उंच मनोऱ्यावर नेतात आणि हळू आवाजात सांगतात, की दाईच्या गोष्टी खऱ्या होत्या. जिंकणाऱ्यांनी त्या इतिहासाचा उल्लेखही बंद केला होता.

कॅस्पियनच्या बंडाचे मूळ तलवारीत नाही, या दोन माणसांच्या शिकवणीत आहे. कादंबरीच्या शेवटी मरणपंथाला लागलेली ती दाई पुन्हा बरी होते आणि तिची व कॅस्पियनची भेट होते. राज्य परत मिळण्याइतकेच त्या भेटीला मोल आहे.

चित्रपटात दाई नाही. कॉर्नेलियस आहेत, परंतु ते पलायनाच्या रात्रीच आपल्यासमोर येतात. शिकवण्याची ती वर्षे दिसत नाहीत. त्यामुळे कॅस्पियन न्यायासाठी का लढतो, याचे उत्तर दुबळे होते आणि सूडच पुढे येतो. लढाईला पडद्यावर भरपूर वेळ मिळाला. गोष्ट सांगणाऱ्यांना मिळाला नाही. या चित्रपटाने जगभर सुमारे ४२ कोटी डॉलर मिळवले, म्हणजे पहिल्यापेक्षा बरेच कमी. त्याचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. पुढचा, २०१० चा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाकडे आणि दुसऱ्या वितरक कंपनीकडे गेला, एवढे मात्र खरे.

पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

पालकांना आमची सूचना अशी, की मुलांनी आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट पाहावा आणि नंतर घरात तीन प्रश्नांवर बोलावे. काय गाळले? काय नवे घातले? त्यामुळे कोणाचे महत्त्व वाढले आणि कोणाचे कमी झाले? रूपांतर म्हणजे निवड असते, हे मुलांना येथे कळेल. पुढे इतिहासाचे पुस्तक किंवा वर्तमानपत्रातील बातमी वाचतानाही हाच तिसरा प्रश्न त्यांच्या उपयोगी पडेल.

माजी विद्यार्थ्यांनी या शाळेत परत येताना ओसाड वाड्यासमोर उभ्या असलेल्या त्या भावंडांची आठवण ठेवावी. आपले जुने बाक, जुनी खोली आता दुसऱ्या मुलांची आहे. आपले काम त्यांना हात देऊन बाजूला होण्याचे आहे. पीटरलाही अखेर तेच करावे लागले. आणि आपल्या आयुष्याची हकिकत जेव्हा आपण मुलांना सांगू, तेव्हा आपल्या यशाबरोबरच दिवा मालवल्यावरही ज्यांनी आपल्याला गोष्ट सांगितली, त्या आजीला, त्या मावशींना आणि त्या गुरुजींना त्यातून गाळू नये.