शुश्रूषा करणारीच्या वाट्याचे अन्न

वर्षावासाच्या काळात इन्सुलीस एका घरी ग्रंथवाचनासाठी जाण्याचा योग आला. बाहेर पाऊस कौलांवर असा वाजत होता की वाचणाऱ्याला मध्येच थांबावे लागे. लावणीचे दिवस. आलेल्या बहुतेक भगिनी दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आलेल्या, पायांना चिखल्या झालेल्या. त्रिसरण-पंचशील झाले, वाचन झाले, आणि उठण्याच्या वेळी भिंतीला टेकून बसलेल्या एक काकी म्हणाल्या, "बाई, माज्या चेडवाक नर्सिंगाक जावचा आसा. पोटाक चिमटो काढून आमी तेका शिकवतलंव. मगे ता लगीन करून दुसऱ्याच्या घराक जातला. आमका काय गावतला? नि समाजाक तरी काय गावतला?"

कोणी हसले, कोणी त्यांना गप्प बसवू पाहिले. पण काकींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नव्याने धम्मात आलेल्या पुष्कळ घरांत तो न बोलता विचारला जातो. मुलगा शिकला तर तो घरचा. मुलगी शिकली तर ती कोणाची? परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी आपले दुःख उघड बोलून दाखविले होते. शिकलेले लोक नोकऱ्यांत गेले आणि समाजाला विसरले, असा त्यांचा अनुभव होता. तेव्हा काकींची शंका खुद्द बाबासाहेबांच्या शंकेच्या जवळची आहे. त्या रात्री दिलेले उत्तर अपुरे होते असे मागाहून वाटले. म्हणून हा पाठ.

भगवान बुद्धांच्या काळात श्रावस्तीस विशाखा नावाची उपासिका होती. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिच्या दानाची कथा आवर्जून घेतली आहे. विशाखा श्रीमंत होती, तिने संघासाठी पूर्वाराम हा विहार बांधून दिला, एवढेच आपल्याला बहुधा ठाऊक असते. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. एकदा भगवंतांना भोजन दिल्यावर तिने आठ गोष्टींची अनुज्ञा मागितली. पावसाळ्यात भिक्खूंना स्नानवस्त्र, नव्याने येणाऱ्या भिक्खूंना अन्न, प्रवासाला निघणाऱ्यांना अन्न, आजाऱ्यांना अन्न, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना अन्न, आजाऱ्यांना औषध, रोजची पेज, आणि भिक्खुणींना स्नानवस्त्र. या आठही गोष्टी आयुष्यभर आपण देत राहावे, एवढेच तिचे मागणे होते.

यातील पाचव्या मागणीवर थांबून विचार करावा. आजाऱ्याला अन्न द्यावे हे कोणालाही सुचेल. पण आजाऱ्याची सेवा करणाऱ्याच्या पोटाचा विचार कोणाला सुचतो? विशाखेने कारणही सांगितले. शुश्रूषा करणारा भिक्खू स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडत राहिला तर आजाऱ्याचे अन्न उशिरा येईल, आणि आजारी तोवर उपाशी राहील. म्हणजे सेवा करणाऱ्याची काळजी घेणे हा सेवेचाच भाग आहे. तिने करुणेबरोबर हिशेबही केला होता. घरात दहा माणसांचे जेवण काढणाऱ्या बाईला असा हिशेब कळतो, पुरुषांना तो शिकावा लागतो. (वाचक बंधूंनी रागावू नये.) भगवंतांनी तिचे म्हणणे मान्य केले. रोग्याची सेवा म्हणजे माझी सेवा, असा भगवंतांचा उपदेशही विनयग्रंथात आहेच.

आता आपल्या देशातील अलीकडचा काळ पाहू. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले या मुलींच्या शिक्षिका म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्यांचा अंत कसा झाला हे मात्र घराघरांत सांगितले जात नाही. पुण्याच्या परिसरात प्लेगची साथ पसरली तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. त्या वेळी सावित्रीबाईंचे वय साठीच्या पुढे होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. ज्या मुलाच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्याला पाठीवर घेतले! तोच रोग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षिकेचा पेशा आणि सेवा यांची अशीच सांगड नागपूरच्या जाईबाई चौधरी यांच्या आयुष्यात दिसते. त्यांचा जन्म १८९२ चा. लहानपणी लग्न झाले, आणि पोटासाठी त्यांनी रेल्वे स्टेशनवर हमाली केली. डोक्यावर बोजा घेऊन नागपूर-कामठीच्या वाटेने त्या पायी चालत. एका ख्रिस्ती मिशनरी भगिनीची मदत झाली आणि त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. पण मुलांना शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच उच्चवर्णीयांनी गोंधळ घातला आणि ती नोकरी गेली. यानंतर जाईबाई पुन्हा ओझी उचलीत राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. चार रुपयांची नोकरी ज्यांनी हिरावून घेतली, त्यांना हे उत्तर होते.

पुढे १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. सुशिक्षित, थोरामोठ्यांच्या घरच्या स्त्रियांची ती परिषद. तिथे जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. स्त्री स्त्रीची बहीण असते असे व्यासपीठावरून बोलणे सोपे असते. पंगतीत पान कुठे मांडले यावरून खरे काय ते कळते. आपल्या स्त्रिया हे गिळून बसल्या नाहीत. त्यांनी निषेधाची सभा घेतली आणि आपली संघटना स्वतंत्र असली पाहिजे हे ओळखले.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेली दलित महिला परिषद त्याच जाणिवेतून उभी राहिली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेब हजर होते, आणि स्त्रियांची संख्या वीस-पंचवीस हजार होती असे सांगतात. त्या काळी ना मोटारी, ना पदरी पैसा. लेकरे काखेला मारून बाया आल्या. नवीन पिढीने या परिषदेचे ठराव वाचावेत. घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाची चाल कायद्याने बंद करा म्हटले, मुलींसाठी वसतिगृहे मागितली. आणि त्याबरोबर गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी रजा, नुकसानभरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मागितली. गिरणीतील स्त्रियांवर देखरेखीला स्त्रियाच नेमाव्यात असेही म्हटले. ज्यांच्यापैकी बहुतेकींना सही करता येत नव्हती त्यांनी हे मागितले! विशाखेच्या पाचव्या मागणीचे हेच आधुनिक रूप नव्हे काय? जी दुसऱ्यांसाठी राबते तिच्या विश्रांतीचे आणि उतारवयाचे काय, हा तो प्रश्न. खुद्द बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती.

धर्मांतरानंतर या कामाला वेगळे बळ आले. नाशिकच्या शांताबाई दाणी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कामात वाढल्या, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या सोबत भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेत बसल्या, आणि माता रमाईंच्या नावाने नाशिकला मुलींच्या शिक्षणाची सोय करून ती आयुष्यभर सांभाळली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट त्याहून घरगुती आहे, आणि म्हणून आपल्या भगिनींना ती जवळची वाटेल. त्यांचे लहानसे दुकान होते. माल बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचता वाचता त्यांची वाचनाची आवड वाढली. त्या गुपचूप लिहू लागल्या, आणि लिहिलेले कागद घरातल्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवून ठेवीत. कित्येक वर्षे हे चालले. 'जिणं आमचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. दुकान चालविणाऱ्या याच बाईने फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा उभी केली.

आपल्याच घरात बाईला लिहिलेला कागद लपवावा लागतो, यावर आपण थांबले पाहिजे. देव्हारा काढून टाकला, भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे छायाचित्र लावले, पण चुलीपुढचा नियम जुनाच ठेवला, असे किती घरांत झाले आहे! शत्रू बाहेरचा असला की आपण सत्याग्रह करतो. घरात असला की "बायकांनी जरा समजून घ्यावे" म्हणतो.

कोणी म्हणेल, ही नागपूर-नाशिककडची उदाहरणे झाली, आमच्या कोकणाचे काय? तर ऐका. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. आणि ज्या स्त्रियांची नावे वर आली, त्यांतील कितीतरींची माहिती लोकांपुढे आणली ती रत्नागिरीकडच्या एका लेकीने. उर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा. आई बांबूची आयदाने विणून घर चालवी. सूप, टोपली, रोवळी विणून विणून बोटे चिरलेली. लेक शिकली, मुंबईस सरकारी नोकरीत गेली, नोकरी आणि संसार सांभाळून मराठीत एम. ए. झाली. मग मीनाक्षी मून यांच्याबरोबर तिने आंबेडकरी चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांचा शोध घेतला आणि त्यांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ साली निघाले. ते झाले नसते तर सभांना गर्दी करणाऱ्या, तुरुंगात गेलेल्या, मुठीमुठीने धान्य जमवून वसतिगृहे चालविणाऱ्या त्या स्त्रिया नावानिशी विस्मृतीत गेल्या असत्या. २००३ मध्ये आलेल्या 'आयदान' या आत्मकथनात उर्मिलाताईंनी शिक्षण आणि बाहेरचे काम यांपायी घरात झालेली ओढाताणही मोकळेपणाने सांगितली आहे. इन्सुलीच्या काकींनी विचारले होते, समाजाला काय गावतले? आयदाने विणणाऱ्या एका आईने लेक शिकविली, आणि समाजाला आपला इतिहास गावला.

आता आपल्या दारात पाहू. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू झाली. आशा कार्यकर्त्या २००५ नंतर आल्या. सरकारदरबारी त्यांना 'सेविका' आणि 'स्वयंसेविका' म्हणतात आणि पगाराच्या जागी 'मानधन' देतात. शब्द मोठा गोड आहे. मान किती आणि धन किती, हे घेणारीला विचारावे. पोरांचे वजन घेणे, गरोदर बाईचे नाव नोंदणे, लसीच्या दिवशी घरोघर बोलावणे, कोविडच्या साथीत घरोघर चौकशी करीत हिंडणे, हे सर्व यांनी केले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या महिन्यात अंगणवाडीच्या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. नागपूरच्या मैदानावर म्हातारपणाची सोय मागितली गेली त्याला तेव्हा ऐंशी वर्षे होत होती.

सम्यक आजीविका म्हणजे कोणालाही इजा न करता, कोणावर अन्याय न करता मिळविलेले पोट. शस्त्र, विष, मद्य, मांस आणि प्राण्यांचा व्यापार भगवंतांनी उपासकासाठी वर्ज्य सांगितला. परिचारिकेचे, शिक्षिकेचे, अंगणवाडीचे काम या कसोटीला सहज उतरते. पण ती नोकरी करणारी समाजाच्या उपयोगी पडेलच असे नाही. ते अर्धे तिच्यावर आहे आणि अर्धे आपल्यावर. आठ तास दवाखान्यात उभी राहून आलेल्या सुनेने चार हंडे पाणी भरायचे, सासूसासऱ्यांचे करायचे, आणि वर "समाजासाठी काय केलेस?" हे ऐकायचे, असे असेल तर आपण शुश्रूषा करणाऱ्याला भिक्षेला पाठवीत आहोत, आणि आजारी उपाशी आहे.

काकी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता नीट देते. इन्सुली, बांदा परिसरातील मोठा आजारी आपण गोव्यात बांबोळीला नेतो. तिथे केसपेपर कुठे काढायचा, डॉक्टर काय बोलले, हे न समजून आपली माणसे कशी गोंधळतात हे तुम्ही पाहिले आहे. काजूच्या कारखान्यात बी फोडून ज्या बायांचे हात तेलाने काळे पडतात, सोलवटतात, त्या हातांना काय लावायचे ते विचारायला त्या दवाखान्यात जात नाहीत, रोज बुडतो. तुमची लेक लग्न होऊन कुठेही गेली तरी जिथे जाईल तिथे असे हात असतील. आणि तुमच्या वाडीत दुसऱ्या घराची शिकलेली सून येईल. लेकी अशाच फिरत राहतात, म्हणून हिशेब एका घराचा धरू नये. खर्चाचे म्हणाल, तर चवथीचा, देवचाराच्या कोंबड्याचा, गाऱ्हाण्याचा जो खर्च आपण दीक्षा घेऊन सोडला, तो गेला कुठे? तो वेगळा काढून ठेवला असता तर पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाची रक्कम त्यातून उभी राहिली असती.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा इन्सुलीस जाणे झाले. काकींनी अर्ज भरून ठेवला होता. जातीच्या दाखल्याची एक प्रत तेवढी राहिली होती. वाचन संपल्यावर चहा ठेवायला नेहमीप्रमाणे बाया उठल्या, तेव्हा काकींचे यजमान म्हणाले, "तुमी बसा गो, आज आमी करतंव." चहात साखर जरा जास्तच झाली होती. कोणी काही बोलले नाही, आणि ग्रंथाचे पुढचे पान वाचायला त्या दिवशी प्रथमच काकी बसल्या.