तंबोऱ्याचा सूर कानाला, थरथर हाताला

प्रश्न : माझी मुलगी गाणं शिकते. तिच्यासाठी तंबोरा घ्यायला आम्ही मिरजेला गेलो होतो. कारागीर जवारी लावत होते, तेव्हा त्यांनी मला भोपळ्यावर हात ठेवायला सांगितलं. हाताला छान थरथर जाणवली, पण सूर कळला तो कानालाच. तारेचा कंप तर एकच. मग कानाला तो सूर आणि हाताला नुसती थरथर, असं का? दुसरं असं, की माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. मुलगी रियाजाला बसली की ते तंबोऱ्याच्या दांडीला कपाळ टेकवतात आणि 'हां, आता लागला' म्हणतात. त्यांना ते खरंच ऐकू येतं की नुसतं जाणवतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कंप एकच, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. गाठ तिथूनच सोडवायला घेऊ. मुलीचा तंबोरा काळी चारला लावला असेल, तर जोडाच्या तारा सेकंदाला सुमारे २०८ वेळा थरथरतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे १०४ वेळा. हा कंप तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवाटे भोपळ्यावरच्या लाकडी तबलीत आणि तबलीतून भोपळ्यात उतरतो. भोपळ्याला टेकलेल्या तळहाताला तो थेट मिळतो, कानाला हवेतून मिळतो. कंपसंख्या दोन्हीकडे तीच.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. आवाज कानातून आत शिरतो आणि थेट मेंदूपर्यंत जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. आवाज कानाच्या आतच संपतो. तिथून पुढे मज्जातंतूंतून जातात ते विजेचे बारीक स्पंद. कातडीचंही तेच. बाहेरच्या घडामोडीचे असे स्पंद करून देणारी पेशी, किंवा मज्जातंतूचं तसं टोक, म्हणजे ग्राही. एका तंतूतले हे स्पंद सगळे जवळपास सारख्याच उंचीचे असतात. आवाज मोठा झाला किंवा दाब वाढला, म्हणून स्पंद मोठे होत नाहीत, ते जास्त वेळा येऊ लागतात. इंग्रज शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका मज्जातंतूतले स्पंद टिपून हे दाखवलं. १९३२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

आता तुमचा हात पाहू. एका तळहाताच्या कातडीत स्पर्शाची खबर देणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू येऊन पोचलेले असतात. त्यांची टोकं चार प्रकारच्या ग्राहींत असतात. भोपळ्याची थरथर मुख्यतः टिपतो तो कातडीत खोलवर बसलेला पॅसिनियन ग्राही. फिलिप्पो पॅचिनी या इटालियन वैद्यकाने १८३० च्या दशकात तो नीट पाहिला, म्हणून हे नाव. लांबी साधारण एक मिलिमीटर, आणि रचना कांद्यासारखी : पापुद्र्यावर पापुद्रे, मधे पातळ द्रव आणि गाभ्यात मज्जातंतूचं टोक. तुम्ही हात भोपळ्यावर टेकवलात, तेव्हा पापुद्रे दबले आणि दाबाचा पहिला धक्का टोकापर्यंत पोचला. पण लगेच द्रव आजूबाजूला सरकला, पापुद्रे नव्या आकारात स्थिरावले आणि टोक मोकळं झालं. म्हणून ठेवून दिलेल्या हाताच्या वजनाबद्दल हा ग्राही काही क्षणांत गप्प होतो. थरथरीत मात्र दाब सतत बदलत असतो, पापुद्र्यांना स्थिर व्हायला सवडच मिळत नाही. प्रत्येक कंपाला टोक हलतं आणि एकेक स्पंद सुटतो. हा ग्राही सर्वांत तल्लख असतो तो सेकंदाला २०० ते ३०० कंपांच्या आसपास. तुमच्या जोडाच्या तारा नेमक्या तिथेच आहेत, त्यामुळे 'छान थरथर' जाणवली यात नवल नाही.

टोक हललं की स्पंद सुटतो कसा, हे अगदी अलीकडे उलगडलं. तंतूच्या पातळ पटलात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. पटल ताणलं की दार उघडतं, विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि स्पंद सुरू होतो. स्पर्शाचं असं एक दार, पिएझो-२, अमेरिकेत आर्डेम पटापौशियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधलं. पुढे २०१६ मध्ये हे प्रथिन जन्मापासूनच काम करत नसलेल्या दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या हातांना कंप कळत नव्हता आणि डोळे बांधले की स्वतःचे हातपाय कुठे आहेत तेही उमगत नव्हतं. एका प्रथिनाच्या अभावी माणसाला आपलंच शरीर सापडेनासं व्हावं, हे वाचल्यापासून मी साध्या स्पर्शाकडेही आदराने पाहतो.

कानाची कथा सुरुवातीला अशीच आहे. पडदा हलतो, त्याच्यामागच्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी हलते आणि तो धक्का आतल्या द्रवाला बसतो. हा द्रव असतो कर्णावर्तात, म्हणजे अडीच वेढे घेतलेल्या एका पोकळ नळीत. नळीच्या आत लांबीभर एक पडदी आहे आणि पडदीवर रोमपेशी ओळीने उभ्या आहेत. त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म रोम वाकले की दारं उघडतात आणि स्पंद सुटतात. इथलं दार पिएझोचं नाही, टीएमसी-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं आहे. अगदी बारीक आवाजाला हे रोम एका नॅनोमीटरहूनही कमी वाकतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

थोडक्यात, हात आणि कान दोघेही हालचालच मोजतात. फरक आहे तो पडदीच्या रचनेत, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

ही पडदी नळीच्या तोंडाशी अरुंद आणि ताठ असते, आत जाताना रुंद आणि सैल होत जाते. त्यामुळे तार स्वर तोंडाजवळचा भाग हलवतात आणि खर्जाचे स्वर आतल्या टोकाचा. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांतल्या पडदीवरच्या लाटा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. प्रत्येक कानात मेंदूला मुख्य खबर देणाऱ्या अशा साडेतीन हजारांच्या आसपास रोमपेशी एका ओळीत असतात, आणि ओळीतल्या प्रत्येकीची जागा म्हणजे तिचा स्वर. हातात अशी मांडणी नाही. तिथले सगळे पॅसिनियन ग्राही जवळपास एकाच पट्ट्यातल्या कंपांना जागे होतात, मग ते बोटात असोत की तळव्यात. परिणाम असा, की सेकंदाला हजार कंपांच्या आसपास कान दोन-तीन कंपांचासुद्धा फरक ओळखतो, पण दोन थरथरी वेगळ्या आहेत हे कळायला बोटाला त्यांच्यात साधारण २० ते ३० टक्के अंतर लागतं. शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्यात अंतर असतं सहा टक्के. हाताला ते कळायचं कसं?

आता जवारीकडे येऊ. हत्यारांना धार लावणाऱ्या मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली, तेव्हापासून सतारमेकर गल्लीत ही कला पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर काय करत होते ते आठवा. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्यावर टेकते. तिच्याखाली एक सुताचा दोरा सरकवतात आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहतात. दोरा नेमक्या जागी बसला की कंप पावणारी तार घोडीच्या उताराला दर कंपाला ओझरती स्पर्शत जाते. या ओझरत्या स्पर्शातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपांचे स्वर, म्हणजे स्वरांश, भरभरून उमटतात. खुली जवारी म्हणतात ती हीच. हे साधं नाही. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो उमटू नये, असा तारांचा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात आणि त्याचं श्रेय घोडीच्या घडणीला आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात १९२१ मध्ये मांडलं.

गाणारे ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो इथलाच. खर्जाच्या १०४ कंपांची पाचपट म्हणजे ५२०, आणि काळी चारला हा गंधार होतो. एकही तार गंधाराला लावलेली नसताना तो ऐकू येतो, कारण कर्णावर्तात ५२० ची स्वतःची जागा आहे आणि तिथल्या रोमपेशी हलतात. तळहातावर खर्ज, जोड आणि गंधार सगळे एकाच ग्राहीवर येऊन आदळतात आणि त्यांची मिळून एक थरथर होते. त्याहून वरचे, हजारापलीकडचे स्वरांश तर हाताच्या आवाक्यातच नाहीत. घरी करून पाहा : भोपळ्यावर हात ठेवा आणि मुलीला दोरा सरकवायला सांगा. बंद असलेली जवारी खुली होताना कानाला तंबोरा बदलून गेल्यासारखा वाटेल, हाताला मात्र फारसा फरक कळणार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मेंदूत आहे. स्पंद इथूनतिथून सारखेच, मग हा आवाज आणि ही थरथर, हे मेंदूला कसं कळतं? कुठल्या मज्जातंतूने आले त्यावरून. कानाकडच्या तंतूंतून आलेला स्पंद म्हणजे आवाज, मग तो कशानेही उठलेला असो. योहान्नेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२६ मध्येच हा विचार मांडला होता. डोळे मिटून एका पापणीच्या कोपऱ्यावर बोटाने अगदी हलका दाब दिलात, तर विरुद्ध बाजूला उजेडाचा ठिपका दिसतो. उजेड नसतोच, पण डोळ्याचा तंतू जागा झाला म्हणजे मेंदूच्या लेखी उजेड. मिरचीचंही तेच आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेला उघडणारं दार मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं, म्हणून जीभ भाजल्यासारखी होते. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आणि पटापौशियन यांना मिळून देण्यात आलं. सर्वांत पक्का पुरावा मात्र कर्णावर्त रोपणाचा. ज्यांच्या रोमपेशी निकामी झाल्या आहेत, त्यांच्या कर्णावर्तात बारीक विद्युतकांड्या बसवतात. त्या तंतूंना थेट वीज देतात. तिथे ना हवा हलते ना रोम वाकतो, तरी माणसाला ऐकू येतं.

आता तुमचे सासरे. त्यांना जे मिळतं ते नुसतं जाणवणं नाही, ते ऐकणंच आहे. दांडीचा कंप कपाळाच्या हाडातून कवटीत जातो आणि कवटीतच असलेल्या कर्णावर्ताचा द्रव हलवतो. वाट वेगळी, पण शेवटी हलतात त्या रोमपेशीच आणि जागा होतो तो कानाचाच तंतू. आपलाच ध्वनिमुद्रित आवाज आपल्याला परका वाटतो, त्याचं कारणही हेच : बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसं हाडातूनही ऐकतो, मुद्रणात फक्त हवेतला भाग उतरतो.

त्यांना दांडीवरून स्पष्ट ऐकू येत असेल, तर एक शक्यता अशी की बिघाड पडद्यात किंवा त्या तीन हाडांत आहे आणि आतल्या रोमपेशी शाबूत आहेत. असं असेल तर बऱ्याचदा उपचारांनी गुण येतो, म्हणून हे सहज सोडून देऊ नका. दुसरी शक्यता वयाची. वयाबरोबर आधी झडतात त्या नळीच्या तोंडाजवळच्या, तार स्वरांच्या रोमपेशी. तशा माणसाला खर्ज आणि जोड छान मिळतात, पण जवारीची लकाकी हरवते आणि बोलण्यातले स, श, फ निसटतात. मग 'ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार सुरू होते. पक्ष्यांच्या रोमपेशी पुन्हा उगवतात, आपल्या उगवत नाहीत. मिरवणुकीत आवाजाच्या भिंतीसमोर लहान मुलांना उभं केलेलं पाहिलं की माझा जीव खालीवर होतो तो याचसाठी. छातीत जी धडधड जाणवते ती शरीर सहन करून जातं, रोमपेशी सहन करत नाहीत.

सासऱ्यांच्या बाबतीत या दोन शक्यतांतली कुठली खरी, हे ओळखायला कानाच्या डॉक्टरांकडे साधा नादकाटा पुरतो. तो वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर हवेत धरतात आणि कुठे जास्त चांगलं ऐकू येतं ते विचारतात. निरोगी कानाला हवेतलं जास्त ऐकू येतं. हाडावरचं जास्त येत असेल तर दोष पडद्यात किंवा त्याच्यामागच्या तीन हाडांत. दोष रोमपेशींत असेल तर दोन्हीकडे कमी येतं, तरी हवेतलं वरचढ राहतं. त्यानंतर श्रवणआलेख काढला की कुठल्या कंपसंख्येला किती कमी ऐकू येतं तेही कागदावर दिसतं. सासऱ्यांना घेऊन जाल तेव्हा दांडीला कपाळ टेकवण्याची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांना ती उपयोगी पडेल.