पापणी बाहेर वळली, पण कोणत्या डोळ्याची?



चौथीला स्थानिक किंमत शिकवताना मी एकदा फळ्यावर 'एच ०२.१३२' लिहिलं. माझा मावसभाऊ मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचून आजारांना कोड देतो. हा कोड त्याच्याकडूनच घेतलेला. एच ०२ म्हणजे पापणीचे विकार. टिंबानंतरचा १ म्हणजे पापणी बाहेर वळणे, डॉक्टरी भाषेत एक्ट्रोपियन. तिथे ० आला तर पापणी आत वळलेली! पुढचा ३ म्हणजे वयामुळे. शेवटचा २ म्हणजे उजवी खालची पापणी, ५ असता तर डावी खालची. दशक-शतकाचा हिशोब इथे नाही, पण अंकाला अर्थ जागेमुळे येतो हे मुलांना पटकन कळलं.

एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या आज्जीचा डोळा असाच आहे. सारखा गळतो, ती पदराने पुसते."

इथे गणित बाजूला ठेवलं. वय वाढलं की खालची पापणी सैल पडते आणि डोळ्यापासून सुटते. नाकाजवळच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला बारीक छिद्र असतं, त्यातून अश्रू नाकात उतरतात. पापणी बाहेर वळली की छिद्रही डोळ्यापासून लांब जातं, मग पाणी गालावर येतं. आणि पदराने खाली ओढून पुसलं की सैल पापणी आणखी सैल होते. म्हणून स्वच्छ मऊ कापडाने, हलकेच, नाकाच्या दिशेने वर पुसायचं. भाजल्याचा व्रण, चेहऱ्याचा लकवा, पापणीवरची गाठ यांनीही असं होतं. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होऊ शकते. दुखणं, लाली, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब, मलम देतात. पापणी जागेवर आणायला मात्र शस्त्रक्रिया लागते, बहुतेकदा तेवढाच भाग बधिर करून.

"कोणता डोळा?" मी विचारलं. तिने स्वतःच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. आज्जी समोर बसते ना, मग आरशासारखं झालं! कागदावर उजवं-डावं नेहमी रुग्णाचं असतं. दोघा-दोघांना समोरासमोर बसवून हे करून घ्या, वर्गात भरपूर भांडणं होतात.

पालकांनो, उजव्या-डाव्याचा हा अंक अमेरिकेच्या कोडमध्ये आहे, तिथे तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ यादीत नुसतं एच ०२.१ आहे, त्यात डोळा कळत नाही. आपल्याकडच्या विम्याच्या फॉर्मवर तेवढंच दिसलं, तर डिस्चार्ज कार्डावर 'उजवा' किंवा 'डावा' शब्दात लिहिलंय ना, हे दवाखान्यातून निघण्याआधी बघा. ऑपरेशन एका डोळ्याचं आणि कागद दुसऱ्याचा झाला, तर क्लेम अडकू शकतो.

सोमवारी ती मुलगी दारातूनच ओरडली, "बाई, उजवाच! मी तिच्या शेजारी बसून बघितलं."