जठर लहान केल्यानंतर

मनुष्याचे शरीर मोठे काटकसरी असते. आज मिळालेले सर्व अन्न आजच खर्च न करता त्यातील काही अंश ते उद्याकरिता राखून ठेवते. ऊर्जा चरबीच्या रूपाने साठविली जाते, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः यकृतात राहते, तर कॅल्शियमचे भांडार हाडांत असते. परंतु ही सारी कोठारे एका मापाची नसतात. स्थूल मनुष्याच्या चरबीचे कोठार अनेक महिने पुरते, तर थायमिन म्हणजे बी-१ या जीवनसत्त्वाचे कोठार दोन-तीन आठवड्यांत रिकामे होऊ शकते.

वजन घटविण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पुढील महिन्यांचे मर्म या एका गोष्टीत आहे. जे कोठार उतरावयास हवे ते उतरत असतानाच, जी भरलेली राहावयास हवीत तीही नकळत उतरू लागतात. पहिली गोष्ट वजनकाट्यावर दिसते, दुसरी दिसत नाही.

शस्त्रक्रियेत काय करतात?

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी केली जात नाही. अतिस्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब, सांध्यांची झीज, झोपेत श्वास अडखळणे असे विकार जडलेले असतात आणि आहार, व्यायाम व औषधे यांनी पुरेसा उपाय झालेला नसतो, अशा रुग्णांकरिता ती असते.

तिचे दोन प्रकार आज विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा बाहेरच्या वक्र बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. उरलेले जठर सदऱ्याच्या बाहीसारखे अरुंद नळकांडे बनते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मापाची एक लहान पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. यामुळे उरलेले जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग, म्हणजे आद्यांत्र, यांना अन्नाचा स्पर्श होत नाही. या प्रकारास वळणमार्गाची शस्त्रक्रिया म्हणता येईल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी तिचा आरंभ १९६६ साली केला. जठरातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, अशा रुग्णांचे वजन पुढे सहसा वाढत नाही, हे निरीक्षण त्यांच्या विचाराच्या मुळाशी होते.

त्यापूर्वी, १९५४ साली, मिनेसोटा येथील क्रेमेन आणि त्यांचे सहकारी यांनी लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळणारी एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. तिने वजन हमखास उतरे. परंतु पुढे अनेक रुग्णांना सततचे जुलाब, मूतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता आणि यकृताचे घातक विकार जडले, आणि अखेर ती पद्धती सोडून द्यावी लागली. वजन उतरणे आणि प्रकृती सुधारणे या एकच गोष्टी नव्हेत, हा धडा वैद्यकाने येथे पुष्कळ मोल देऊन घेतला.

भूक कोठे जाते?

जठर लहान झाल्यामुळे मनुष्य कमी खातो, हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण भूक मात्र पराकोटीस गेली. ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करीत. त्यांची नाडी मंदावली, त्यांना सदैव थंडी वाजू लागली. शरीराने खर्च कमी केला आणि अन्नाची मागणी वाढविली. केवळ निर्धाराच्या बळावर उतरविलेले वजन पुन्हा का चढते, हे यावरून समजू शकेल. त्यास आळस हे नाव देणे अन्यायाचे होय.

शस्त्रक्रियेनंतर मात्र खाणे घटूनही भूक प्रथम मंदावते. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचे भूक वाढविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात निर्माण होते, आणि नळकांड्याच्या शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढला जातो. शिवाय दोन्ही प्रकारांत अन्न आतड्याच्या पुढील भागात त्वरेने पोहोचते, त्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी आणि इन्शुलिनचा स्राव वाढविणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणूनच काही मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजनात फारसा फरक पडण्यापूर्वी, काही दिवसांतच, खाली येते. अशा वेळी इन्शुलिनची आणि गोळ्यांची मात्रा वैद्याकडून तत्काळ कमी करून घ्यावी लागते. पूर्वीचीच मात्रा चालू राहिल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या औषधांनाही हीच गोष्ट लागू आहे.

पहिले आठवडे

पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णास शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालविले जाते. जड ओझे उचलणे काही आठवडे वर्ज्य असते, परंतु चालणे दररोज थोडे थोडे वाढवीत न्यावयाचे असते.

अन्न पायरीपायरीने सुरू करतात. प्रथम पाण्याचे घोट आणि गाळलेले पातळ पदार्थ, नंतर ताक, दूध, मुगाचे कढण, गाळलेले वरण. त्यानंतर घोटलेले अन्न, पुढे मऊ अन्न, आणि सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी साधे जेवण. प्रत्येक पायरीचा काल शस्त्रवैद्य ठरवितो, कारण आतील टाके भरून येण्यास अवधी लागतो. नाडी जलद होणे, ताप येणे, पोटात किंवा खांद्यात वाढती वेदना होणे, श्वास लागणे यांपैकी काहीही आढळल्यास जोडातून गळती होत असण्याचा किंवा फुप्फुसात गुठळी गेल्याचा संभव असतो. तेव्हा वाट पाहता कामा नये.

जेवणाची रीत नव्याने शिकावी लागते. घास लहान, चर्वण पुष्कळ, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबणे. जेवताना पाणी प्यावयाचे नसते. ते जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने, घोटाघोटाने, परंतु दिवसभरात सुमारे दीड लिटर भरेल असे प्यावे लागते. चार घासांत जेवण आटोपत असल्याने ते घास कशाचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून पानातील डाळ, पनीर, दही, अंडे किंवा मासा प्रथम खावा आणि भात-पोळी मागाहून.

सर्वांत लवकर रिकामे होणारे कोठार

या काळातील एक धोका प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असलाच पाहिजे. प्रौढ शरीरात थायमिनचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नसतो. त्याच्यावाचून मेंदूच्या पेशी शर्करेपासून ऊर्जा काढू शकत नाहीत. गेल्या शतकात आणि त्यापूर्वीही पांढरा, पूर्ण सडलेला तांदूळ हेच ज्यांचे अन्न होते त्यांना बेरीबेरी होत असे. जावा बेटात क्रिस्तियान आइकमान यांनी तसल्याच भातावर वाढविलेल्या कोंबड्यांत त्या रोगासारखी लक्षणे पाहिली. हे संशोधन जीवनसत्त्वांच्या शोधास कारणीभूत ठरले, आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

तोच रोग आज भरल्या घरात उद्भवू शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वारंवार वांत्या होत राहिल्या, तर थायमिन पोटात टिकत नाही. घरच्यांना वाटते की जठर लहान झाले, तेव्हा वांत्या व्हावयाच्याच. वजनही झपाट्याने उतरत असल्याने सर्व ठीक चालले आहे असा भास होतो. मग एखाद्या दिवशी रुग्णाला एकाची दोन दिसू लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात भ्रम येतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली वर्णिलेला हा मेंदूचा विकार होय. वेळीच शिरेतून थायमिन दिल्यास रुग्ण सावरतो, उशीर झाल्यास स्मृती कायमची अधू होऊ शकते. येथे क्रमही महत्त्वाचा आहे. थायमिन देण्यापूर्वी नुसते ग्लुकोज शिरेतून दिल्यास उरलेसुरले थायमिन खर्च होऊन विकार बळावू शकतो. म्हणून अशा रुग्णास कोणत्याही दवाखान्यात नेले तरी त्याची जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, हे प्रथम सांगावे.

तिसऱ्या महिन्यापासून

साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस विंचरताना मोठ्या प्रमाणावर गळू लागतात. शस्त्रक्रियेचा आणि जलद वजनघटीचा ताण पडल्याने अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकदम गळतात. मुळे जिवंत असल्याने केस बहुधा पुन्हा येतात. मात्र गळती लांबल्यास प्रथिने, लोह आणि जस्त यांची कमतरता शोधावी लागते. जलद वजनघटीमुळे पित्ताशयात खडे होण्याचाही संभव वाढतो. त्यास आळा घालण्यासाठी काही वैद्य सुमारे सहा महिने औषध देतात.

वळणमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर गोड पदार्थ विशेष जपून खावे लागतात. जिलेबीचा पाक जठरात न रेंगाळता सरळ आतड्यात उतरतो आणि रक्तातील पाणी आतड्याकडे ओढून घेतो. परिणामी अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते. कधी एक ते तीन तासांनी, शर्करेच्या लोंढ्यास उत्तर म्हणून इन्शुलिन अधिक स्रवल्यामुळे, रक्तशर्करा उलट फार खाली जाते आणि भोवळ येते.

मंद गतीने उतरणारी कोठारे

लोहाचे शोषण मुख्यतः आद्यांत्रात होते, आणि वळणमार्गात तोच भाग वगळलेला असतो. जठरातील आम्ल घटल्यानेही ते मंदावते. म्हणून काही महिन्यांनी रक्तक्षय दिसू लागतो, स्त्रियांत तो विशेष आढळतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर असावे, कारण ती एकमेकांच्या आड येतात.

बी-१२ ची कथा निराळी आहे. बॉस्टन येथील वैद्य विल्यम कॅसल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः खाल्लेले मांस आपल्या जठररसासह बाहेर काढून घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना दिले, आणि ते रुग्ण सुधारू लागले. केवळ मांस दिल्याने तसे होत नसे. जठररसात असा एक घटक असतो की ज्याच्या सोबतीवाचून हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, हे पुढे सिद्ध झाले. जठर कापले किंवा वगळले म्हणजे ती सोबत कमी पडते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी सारे ठीक दिसते. नंतर हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण अशी लक्षणे हळूहळू येतात. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळत असल्याने अनेक शाकाहारी भारतीयांचे कोठार आरंभीच अर्धेमुर्धे असते. त्यांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी समजावा.

कॅल्शियमची तूट तर अधिकच फसवी असते. रक्तातील कॅल्शियम उतरू लागताच मानेतील परावटू ग्रंथी हाडांतून ते काढून रक्तात आणतात. रक्ताचा हिशेब बरोबर राहतो, कर्ज मात्र हाडांच्या नावे चढते. त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या बरे वाटते म्हणून थांबवावयाच्या नसतात.

घर आणि मन

पानात काही टाकू नये आणि पाहुण्यास आग्रहाने वाढावे, हे संस्कार भारतात सर्वत्र आहेत. या रुग्णाला त्यांतून मोकळीक दिली पाहिजे. त्याचे लहान पान हा अन्नाचा अनादर नव्हे. ज्याला दुःखाच्या वेळी खाण्याचाच आधार होता, त्याचा तो आधार जातो. अंगाची कातडी सैल पडते, लोकांचे बोलणे बदलते, आणि वजन उतरले तरी सर्व चिंता उतरत नाहीत. उदासी दिसल्यास तिच्यावरही उपचार व्हावयास हवा. मद्य या शस्त्रक्रियेनंतर रक्तात लवकर आणि अधिक चढते, आणि दुसऱ्या वर्षी मद्याचे व्यसन वाढल्याचे अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. अंगदुखीच्या काही नेहमीच्या गोळ्या आणि धूम्रपान यांनी जोडाजवळ व्रण होऊ शकतो. वजन घटल्यावर स्त्रीची गर्भधारणेची शक्यता वाढते, परंतु पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो, कारण स्वतःचीच कोठारे अस्थिर असताना बाळाचे पोषण धोक्यात येते.

वर्षानंतर

वजन साधारणतः १२ ते १८ महिन्यांत सर्वांत खाली येते. त्यानंतर थोडे वाढणे स्वाभाविक आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि न केलेले २०३७ स्थूल रुग्ण होते. वळणमार्गाच्या रुग्णांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळच्या सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, सरासरी सुमारे अकरा वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.३ टक्के, तर केलेल्यांपैकी ५.० टक्के मृत्यू पावले. लाभ खरा आहे, परंतु तो शस्त्रक्रियेच्या दिवशी हाती पडत नाही. वर्षानुवर्षे राखावा लागतो.

या राखणीचे साधन साधे आहे. पहिल्या वर्षी ठरावीक महिन्यांनी, आणि पुढे आयुष्यभर दरवर्षी, रक्ताची तपासणी करून घेणे आणि गोळ्या न चुकविणे. वजनकाटा एकाच कोठाराचा हिशेब सांगतो. बाकीच्या कोठारांची झडती तपासणीवाचून होत नाही, आणि ज्या वर्षी अगदी बरे वाटते त्या वर्षीही ती घ्यावयाची असते.