एका वर्गात अनेक पायऱ्या

पहिली ते चौथीचे वर्ग एका-दोन खोल्यांत आणि त्यांना शिक्षक दोनच, हे ग्रामीण भागातील लहान शाळांचे नित्याचे चित्र आहे. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणेही पहिली ते पाचवीचा पट साठापर्यंत असेल, तर शाळेस दोन शिक्षक मिळतात. अशा शाळेत एका इयत्तेचा पाठ चालू असता दुसरीला पाटीवर काहीतरी गिरवीत बसावे लागते. या बसण्यात किती काळ जातो, याचा हिशेब कोणत्याच पत्रकात नसतो.

याच अडचणीतून आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली येथे एक निराळी पद्धती आकारास आली. परिसरातील खेड्यांच्या शाळांसाठी पद्मनाभ राव आणि रमा यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाठ्यपुस्तकातील आशय लहान लहान कार्डांत विभागला आणि कार्डांचा क्रम दाखविणारा शिडीसारखा तक्ता भिंतीवर लावला. प्रत्येक टप्प्यावर आधी नव्या घटकाची ओळख, मग सराव, त्यानंतर चाचणी. चाचणीत मूल अडखळले तर उजळणीचे कार्ड, नाहीतर पुढची पायरी. कार्डांवर चित्रांच्या खुणा असल्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही शिडीवरील आपली जागा हुडकते, फडताळातून कार्ड काढते आणि ठरलेल्या गटात जाऊन बसते. एका गटास शिक्षकांचे पूर्ण साहाय्य असते, दुसऱ्यास थोडे; तिसऱ्यात मुले एकमेकांना शिकवितात, तर काही मुले आपापली काम करतात. शिक्षकाचा वेळ ज्याला हवा त्याच्याच वाट्याला येतो.

१९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ऋषी व्हॅलीचा प्रयोग पाहून आलेल्या शिक्षकांनी ‘नली-कली’ या नावाने आपली कार्डे स्वतः तयार केली. चेन्नई महापालिकेच्या काही शाळांनी २००३ मध्ये ही वाट धरली आणि २००७-०८ पासून ती तामिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत सर्वत्र नेण्यात आली. तेथे वर्गाच्या भिंतींचा खालचा भाग काळा रंगवून मुलांच्या हाताला पोचतील असे फळे करण्यात आले. काम लहानसे, परंतु फळा कोणासाठी आहे हे त्याने स्पष्ट होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या पद्धतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर बीडकडून ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परतते. वर्ग तोवर पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर पोचलेला असतो. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे यांच्या आधारानेही हा खंड पुरता भरून निघत नाही, आणि मूल मागच्या रांगेत गप्प बसू लागते. शिडीवर मात्र त्याची पायरी त्याची वाट पाहत असते. जेथे थांबले तेथून ते पुढे जाते. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली होती.

अर्थात या पद्धतीवरचा आक्षेपही रास्त आहे. गती मुलाची असली तरी मार्ग दुसऱ्यानेच आखलेला असतो. शिडीच सर्वस्व मानली, तर गोष्ट सांगणे, गाणे, वादविवाद यांना वर्गात जागा उरत नाही आणि कार्ड संपविणे हेच शिकणे ठरते. दिवसातला काही वेळ सर्वांनी एकत्र घालविण्यासाठी राखलाच पाहिजे.

तपासणीचा प्रश्न याहून अवघड. ‘सध्या कोणता धडा चालू आहे?’ या प्रश्नाला अशा शाळेत एक उत्तर नसते. वीस मुले वीस पायऱ्यांवर असू शकतात. विस्तार अधिकाऱ्यांनी टाचणवहीऐवजी प्रत्येक मुलाचा प्रगतितक्ता पाहावा, कोणत्याही दोन मुलांना जवळ बोलवावे आणि त्यांनी पार केलेले कार्ड वाचून घ्यावे. पंधरा मिनिटांत शाळा कळते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुलांच्या उंचीचे फडताळ आणि बसायला चटया यांची तजवीज त्यांना सहज करता येईल. कार्डे फाटतात, हरवतात. एक कार्ड गेले की त्या पायरीवर येणारे प्रत्येक मूल तेथेच अडते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच संच मोजून घेण्याचे काम समितीच्या एका सदस्याकडे सोपवावे.